घाटंजीच्या वर्गातलं आयर्लंड

संपादकांनी या वर्षी विषय दिला, 'न पाहिलेला देश'. देश पाहून येऊन त्यावर लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या देशात पाऊल पडण्याची शक्यता फारशी नाही, तो देश माणसाला कळतो कुठून? उत्तर अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात सापडलं. 2019 पासूनच्या 'युवकभारती'त नाटकांचा एक विभाग आहे. त्यात शेक्सपिअर आहे, इब्सेन आहे आणि लेडी ग्रेगरी या आयरिश लेखिकेची 'द रायझिंग ऑफ द मून' ही एकांकिका आहे. म्हणजे राज्य मंडळाच्या अकरावीच्या पोरापोरींची आयर्लंडशी गाठ ठरलेली. ती गाठ प्रत्यक्षात कशी पडते, हे पाहायला घाटंजी गाठलं.

यवतमाळहून एसटीनं तासाभराचा रस्ता. वाघाडी नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. जिनिंगच्या शेड, कृषी केंद्रांच्या पाट्या आणि त्यांच्या अधेमधे 'स्पोकन इंग्लिश'चे फलक. भाद्रपदातली ओली दुपार होती, वाटेत दोन्ही अंगांना कपाशी पात्या-फुलांवर आलेली. शिकवणीची खोली टिनाच्या छपराखाली. पावसाची सर आली की सरांना आवाज चढवावा लागतो, नाहीतर फळ्यावर लिहून काम भागवावं लागतं. बाकांवर बसलेल्या मुलांची घरची भाषा एक नाही. कुणाकडे वऱ्हाडी, कुणाकडे तांड्यावरची गोरमाटी, कुणाकडे पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची कोलामी. इंग्रजी कुणाची दुसरी भाषा, कुणाची चक्क चौथी.

आयर्लंड म्हटल्यावर काय आठवतं, असं सरांनी विचारलं. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, इंग्लंडले हरवलं होतं त्यायनं!" 2 मार्च 2011, बंगळूर, विश्वचषकाचा सामना. केविन ओब्रायननं 50 चेंडूंत शतक ठोकलं आणि इंग्लंडनं ठेवलेलं 328 धावांचं लक्ष्य आयर्लंडनं गाठलं. ही मुलं तेव्हा पाळण्यात होती, पण मोबाइलवर त्यांनी तो सामना पाहिलेला. पुढच्या बाकावरच्या मुलीची शंका वेगळी, "पण सर, ते इंग्लंडमध्येच येते ना?"

सरांनी फळ्यावर दोन बेटं काढली. डावीकडचं बेट आयर्लंड. त्याचा बराचसा भाग 1922 मध्ये ब्रिटिश सत्तेतून सुटला, 1949 मध्ये प्रजासत्ताक झाला. ईशान्येचे सहा परगणे, म्हणजे उत्तर आयर्लंड, आजही ब्रिटनमध्ये. दक्षिणेत युरो चालतो, उत्तरेत पौंड. प्रजासत्ताकाची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 51 लाखांच्या आसपास. "आपल्या जिल्ह्याची 2011 मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या वर होती. म्हणजे दोन यवतमाळ एवढाही देश नाही तो," सर म्हणाले. वर्गाला देशाचा अंदाज आला.

निळं पिंप आणि शंभर पौंड

एकांकिकेचा प्रयोग पहिल्यांदा 1907 मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात झाला. प्रसंग साधा. बंदराचा धक्का, चांदणी रात्र. तुरुंगातून निसटलेल्या क्रांतिकारकाला पकडण्यासाठी तीन पोलीस जाहिराती चिकटवत फिरतायत, बक्षीस शंभर पौंड. दोघे पुढे जातात, सार्जंट एकटा पाण्याच्या पायऱ्यांवर पहारा देतो. तेवढ्यात फाटक्या कपड्यांतला एक गाणी विकणारा येतो.

हे समजावून सांगण्याऐवजी सरांनी कोपऱ्यातलं पाण्याचं निळं पिंप रिकामं करून मधोमध पालथं घातलं. मूळ नाटकातही एक पिंपच आहे. जाहिरात त्यावरच चिकटवलेली असते आणि पुढे दोघं त्यावरच बसतात. एक मुलगा सार्जंट झाला, खांद्याला छत्री म्हणजे बंदूक. दुसऱ्यानं ओढणीचा फेटा गुंडाळला. दोघं पिंपावर पाठीला पाठ लावून बसले.

"असं काहून बसले असतील?" सरांनी विचारलं.

"दोन्हीकडं पाहाले," सार्जंट म्हणाला.

"अजून?"

वर्ग गप्प. मग खिडकीजवळची मुलगी बोलली, "सर, तोंड नाई दिसत मंग. सार्जंटले त्याचं तोंडच नाई दिसत."

नाटकाची कळ तिथंच आहे. पाठीला पाठ असल्यानं पोलिसाला चेहरा दिसत नाही, ऐकू येतो तो फक्त आवाज. फाटका माणूस एक जुनं देशभक्तीचं गाणं म्हणू लागतो आणि मुद्दाम एक ओळ गाळतो. सार्जंट न राहवून ती ओळ सांगतो. गाणं त्याला पाठ आहे! गणवेश चढवण्याआधी तोही तीच गाणी म्हणत होता, हे त्याच्याच तोंडून बाहेर पडतं. पुढे बोट येते, टोपी आणि नकली केस उतरतात, ओळख उघड होते. दोघे पोलीस परततात तेव्हा क्रांतिकारक पिंपामागे लपलेला असतो आणि सार्जंट त्याची टोपी पाठीशी धरून उभा. इथून कुणी गेलं नाही, असं तो सांगतो. शेवटी एकटा उरल्यावर आपण मूर्ख ठरलो की काय, असा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो.

"मंग त्याचं प्रमोशन गेलं!" मागून हळहळ ऐकू आली. वर्ग हसला. पण सरांनी तो धागा सोडला नाही. त्यांनी दिलेला निबंध असा: 10 जुलै 1930, पुसद. लोकनायक बापूजी अणे सरकारी जंगलात परवानगीशिवाय गवत कापून जंगल सत्याग्रह करतायत. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या एका शिपायाच्या मनात काय चाललं असेल, ते इंग्रजीत लिहा. पुसद याच जिल्ह्यातलं, आणि अणे वणीचे. मुलांना शब्द कमी पडत होते, विषय नव्हता. कुणी लिहिलं, शिपायाला घरचं कर्ज आठवतं. कुणी लिहिलं, त्याची आई गवत कापणाऱ्यांत आहे. वाक्यरचना चुकत होती, पण रिकामी वही एकही नव्हती.

नाट्यविभागाला परीक्षेत गुण थोडे, म्हणून तो उरकून टाकायचा, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. या खोलीत तो उभा करून दाखवला गेला, म्हणून चालला.

परक्या भाषेत घर केलेला देश

लेडी ग्रेगरी 1852 मध्ये गॉलवे परगण्यातल्या जमीनदार घरात जन्मल्या. घरातलं वातावरण इंग्रजी, आजूबाजूची कुळं आयरिश बोलणारी. त्यांनी मोठेपणी आयरिश शिकून घेतली, गावोगावच्या कथा टिपल्या आणि आपल्या नाटकांत त्या मुलखातली इंग्रजी वापरली. शब्द इंग्रजी, बोलण्याची घडण मात्र आयरिश. लंडनच्या व्याकरणानं पाहिलं तर ती वाकडीच. पण कवी यीट्स आणि एडवर्ड मार्टिन यांच्याबरोबर त्यांनी 1899 मध्ये जी रंगभूमीची चळवळ सुरू केली आणि जिच्यातून 1904 मध्ये अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं, ती याच इंग्रजीच्या जोरावर. याच अ‍ॅबीनं 1913 मध्ये रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा इंग्रजी प्रयोग केला.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला आयर्लंड दाखवायचं ते यासाठी. इंग्लंडमध्ये इंग्रजी घरचीच असते, आयर्लंडमध्ये ती लादली गेली. 1831 पासूनच्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून झालं. पोरगं आयरिश बोललं की गळ्यातल्या काठीवर एक खाच पाडायची आणि खाचा मोजून मार द्यायचा, अशी रीत अनेक ठिकाणी होती. सरांनी हे सांगितल्यावर पोडावरून येणारी एक मुलगी म्हणाली, "आमी शाळेत कोलामी बोललो का पोरं हासायची. काठी नव्हती, पण हासणं होतं." कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलामी द्रविड कुळातली भाषा, तिला स्वतःची लिपी नाही. वर्गातल्या मराठी पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की शेजारच्या बाकावर एक वेगळी भाषा बसलेली आहे.

आयर्लंडनं स्वतंत्र झाल्यावर आयरिशला राष्ट्रभाषेचा मान दिला. शाळांत ती सक्तीची आहे. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाचं आयरिश नाव वर, तिरप्या अक्षरांत, आणि इंग्रजी नाव खाली असतं. तरीही 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे 72 हजारच भरले. सन्मान आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र वर्गाला फार आवडली. आयरिश माणसं इंग्रजी बोलताना बऱ्याचदा जीभ दातांना टेकवून जवळपास आपल्या 'थ' आणि 'द' सारखे उच्चार करतात, आणि शब्दाच्या शेवटचा 'र' स्पष्ट म्हणतात. लंडनच्या उच्चारांसमोर अवघडलेल्या मुलांना हे कळल्यावर दोन-तीन जण आपणहून वाचायला उठले. इंग्रजीचे एकाहून अधिक रास्त उच्चार असतात, हे त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

बटाटा आणि कपाशी

"तिथं कापूस होते का?" हा प्रश्न येणारच होता. होत नाही. तिथं थंडी, गवत, गुरं आणि वर्षभर भुरभुरणारा पाऊस. डब्लिनला वर्षाकाठी सुमारे 750 मिलिमीटर पाऊस पडतो, यवतमाळपेक्षा कमीच. आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, त्यांचा बारा महिने ठिबकत राहतो. त्या ओल्या थंड हवेत बटाटा जोरात येतो. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडची जवळपास एक तृतीयांश माणसं जेवणासाठी बटाट्यावरच जगत होती. तुकड्यातुकड्यांची जमीन, खंड भरायला धान्य आणि जनावरं, पोटाला बटाटा, तोही बहुतेक एकाच वाणाचा.

1845 मध्ये त्यावर करपा पडला. पानं काळी पडत आणि जमिनीत कंद कुजलेला. पुढची बहुतेक वर्षं तेच. अंदाजे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, दुसरे दहा लाख जहाजांत बसून देश सोडून गेले. त्याच काळात धान्य आणि जनावरं बंदरातून बाहेर जातच राहिली, कारण ती खंडाची होती. 1841 मध्ये साऱ्या बेटावर 80 लाखांहून जास्त माणसं होती. तो आकडा त्या बेटानं आजपर्यंत पुन्हा गाठलेला नाही.

वर्गात कुणी हे दुसऱ्याची गोष्ट म्हणून ऐकत नव्हतं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा ही मुलं लहान होती, पण घरात काय झालं ते त्यांना आठवतं. "बोंड वरून चांगलंच दिसे. फोडलं का आत अळी," एक जण म्हणाला. फरक आहेच. कापूस खाता येत नाही, आणि रेशन दुकानं आहेत. पण एकाच पिकावर घर टेकलं की त्या पिकाला लागलेली कीड घराला लागते, हे दोन्हीकडे सारखं. डब्लिनच्या लिफी नदीकाठी कस्टम हाऊसजवळ 1997 मध्ये या दुष्काळाचं स्मारक बसवलं. काशाचे हाडकुळे पुतळे, उराशी गाठोडी धरून बंदराकडे निघालेले. पर्यटक तिथं थांबतात, फोटो काढतात. ज्यांना आयर्लंडच्या पर्यटनस्थळांची यादी पाठ करायची, त्यांनी सुरुवात इथून करावी.

शिबल्याचे खांब

यादीतली नेहमीची नावं सांगायला हरकत नाही. पश्चिमेला क्लेअर परगण्यात मोहरचे कडे, अटलांटिकवर सरळ 214 मीटर उभे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इसवी सन 800 च्या सुमाराचा, वासराच्या कातड्यावर रंगवलेला 'बुक ऑफ केल्स'. पण घाटंजीच्या मुलांसाठी खरी जागा उत्तर टोकाला आहे. ती आहे जायंट्स कॉजवे. समुद्रकाठी सुमारे 40 हजार दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे. बरेचसे सहा बाजूंचे, जणू कुणी फरशी बसवली. दंतकथा अशी की फिन मॅककूल नावाच्या राक्षसानं स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला हा रस्ता बांधला. समुद्रापलीकडे स्टाफा बेटावरही असेच खांब आहेत, म्हणून कथा पटते.

खरं कारण लाव्हा. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला रस पसरला आणि सावकाश निवला. निवताना तो आकसला, आकसताना तडकला. सगळीकडे सारखा ताण असला की भेगा सहसा षटकोनी जाळ्यात पडतात आणि वरून खाली उतरत जातात. खांब तयार होतात ते असे.

हे समजून घ्यायला आयर्लंडला जायची गरज नाही. 2021 मध्ये याच जिल्ह्यात, वणी-पांढरकवडा भागातल्या शिबला-पारडी इथं रस्त्याचं काम चालू असताना असेच षटकोनी बेसाल्टचे खांब उघडे पडले. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी त्यांची ओळख पटवली. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तो झिजून जी काळी माती झाली, तिच्यातच इथला कापूस उगवतो. सरांनी मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले. शिबला कुठं आहे, हे बऱ्याच पोरांना माहीत होतं. तिथं खांब आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं. जायंट्स कॉजवे 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथं तिकीट काढून माहिती देणारं केंद्र आहे. आपल्याकडे काय आहे, याची चौकशी ज्यानं-त्यानं करावी.

डोंगरावरची वारी, दिवाळीशेजारचा सण

संस्कृती म्हटली की बहुतेक माहितीपुस्तकं 17 मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे, हिरवे कपडे आणि मिरवणूक दाखवतात. त्याच पॅट्रिकच्या नावानं मेयो परगण्यात क्रो पॅट्रिक नावाचा 764 मीटरचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं तो चढतात, काही जण अनवाणी, धारदार दगडांवरून. आषाढीच्या आसपासचेच दिवस. वारी पाहिलेल्या मुलांना तो फोटो समजावून सांगावा लागत नाही.

31 ऑक्टोबरच्या हॅलोविनचं मूळही आयर्लंडच्या साउइन सणात शोधतात. पीक घरात आलं, उजेड कमी झाला, आता वर्षाचा अंधारा भाग सुरू, म्हणून शेकोट्या पेटवायच्या. भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवा करत. हा सण दिवाळीच्या आगेमागेच येतो. आपल्याकडे गोंड-कोलामांची दंडार नाचत निघते तीही याच दिवसांत.

न्यूग्रेंजची गोष्ट तर कोल्हापूरच्या किरणोत्सवाची आठवण करून देते. बॉइन नदीच्या खोऱ्यात इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमारास बांधलेलं दगडी थडगं. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, उगवत्या सूर्याची तिरीप दाराच्या वर ठेवलेल्या फटीतून आत शिरते आणि सुमारे 17 मिनिटं आतला गाभा उजळते. त्या सकाळी आत जायला सोडत काढतात.

खेळांत हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 82 हजार प्रेक्षक बसतात, पण खेळाडूंना खेळण्याचा पगार नाही. प्रत्येक जण आपल्या परगण्यासाठी खेळतो आणि सोमवारी कामावर जातो. गाणं-वाजवणं पबमध्ये, बाकाभोवती गोल करून. मंच नाही, माईक नाही. बासरी, फिडल आणि बकऱ्याच्या कातड्याचं बाउरॉन हे वाद्य, आपल्या डफाचं चुलत भावंड म्हणावं असं. कुणीही येऊन बसावं, पण सूर येत असेल तरच.

ओळख जुनीच

मराठी माणसाची आयर्लंडशी ओळख या पुस्तकानं करून दिलेली नाही. 1916 मध्ये बेळगावला टिळकांनी होमरूल लीग काढली. तिचं नाव आणि मागणी आयर्लंडच्या चळवळीवरून घेतलेली होती. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, आणि उपाध्यक्षांत वणीचे अणे. म्हणजे वर्गातल्या निबंधातला सत्याग्रही आयर्लंडचं राजकारण जाणून होता. 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेमागे मार्गारेट कझिन्स होत्या, त्या आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्याच्या. आपल्या राज्यघटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या 1937 च्या घटनेवरून घेतली, हे नागरिकशास्त्रात मुलं वाचतातच.

आणि 2017 मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानपदी बसलेले लिओ वराडकर. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आई आयरिश. डिसेंबर 2019 मध्ये ते कुटुंबासह वराडला आले तेव्हा सारा गाव स्वागताला होता. "म्हणजे आपल्याकडचा माणूस तिथला मुख्यमंत्री झाला?" मागच्या बाकावरच्या क्रिकेटवाल्यानं विचारलं. पंतप्रधान, सरांनी दुरुस्ती केली. शिवाय आयर्लंडमध्ये नोकरीचे परवाने मिळवणाऱ्या परदेशी लोकांत अलीकडे भारतीयच आघाडीवर आहेत, आणि त्यात नर्स मोठ्या संख्येनं. घाटंजीची एखादी मुलगी उद्या कॉर्कच्या दवाखान्यात रात्रपाळी करताना दिसली, तर आश्चर्य वाटायचं कारण नाही.

शिक्षकांना एक विनंती

या खोलीत जे पाहिलं त्यावरून माझं मत ठाम झालं आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना परदेश दाखवायचा तर हिरव्या टेकड्यांच्या पोस्टरनं तो दिसत नाही. तो दिसतो आपल्या हाताशी असलेल्या गोष्टीतून: पुसदच्या गवतातून, कपाशीच्या बोंडातून, शिबल्याच्या खांबातून. आयर्लंड त्यासाठी फार सोयीचा देश आहे. त्यानंही ही भाषा दुसऱ्याकडून घेतली, मार खात शिकली आणि मग आपल्या ढंगानं बोलून दाखवली.

म्हणून राज्यभरच्या अकरावीच्या इंग्रजीच्या शिक्षकांना एवढंच सांगणं. नाट्यविभागाचे गुण मोजून ही एकांकिका वगळू नका. एक तास काढा, दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा आणि तिसऱ्याला प्रश्न विचारा की सार्जंटनं बरोबर केलं का. उत्तरं मोडक्या इंग्रजीत येतील, पण येतील.